‘देव मानता ना?’ : लॉजमध्ये किंवा क्लबात नाव घालण्याआधी ठाणे-नवी मुंबईकरांसाठी थोडी वाटाड्येगिरी

पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, चहा आला, आणि समोर बसलेल्या तिघांपैकी सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी कप बशीत ठेवत विचारलं, “बाकी सगळं ठीक आहे. तुम्ही परमेश्वर मानता ना?”

पाचपाखाडीतलं आमचं घर, रविवारची सकाळ. मी फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये यायची इच्छा दाखवली होती आणि हे तिघं ‘माणूस कसा आहे’ ते बघायला आले होते. (फ्रीमेसन म्हणजे शपथ देऊन सभासद करून घेणारी एक जुनी बंधुसंघटना. लॉज म्हणजे तिची शाखा, राहायचं हॉटेल नव्हे.) नोकरी, कर्ज, तब्येत, घरच्यांची हरकत आहे का, हे सगळं मी फटाफट सांगितलं होतं. या प्रश्नाला मात्र मी म्हटलं, “म्हणजे, गणपती बसवतो आम्ही. दीड दिवसांचा.” ते हसले. “ते नाही विचारलं. गणपती बायकोच्या आग्रहाखातरही बसतो. तुम्ही मानता का?”

बायको ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिलाही उत्तर ऐकायचं होतं. मी म्हणालो, “खरं सांगू? नक्की सांगता येत नाही.” त्यावर कोणी वाद घातला नाही, समजूतही काढली नाही. “घाई नाही, विचार करा,” म्हणून ते उठले. मी विचार केला आणि अर्ज तिथेच सोडला. पुढे बरीच वर्षं एका सेवाभावी क्लबात काढली. आता नेरुळचा भाचा तीच चौकशी करतोय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. लॉजच्या आत काय चालतं ते मला माहीत नाही. दारापर्यंतचं मात्र बऱ्यापैकी माहीत आहे.

आधी संस्था कुठल्या जातीची ते बघा

जात म्हणजे प्रकार. बंधुभाव, सेवा, मैत्री असे शब्द सगळ्यांच्याच पत्रकावर असतात, त्यामुळे बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. श्रद्धेच्या बाबतीत त्यांचे चार प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात श्रद्धा लागतेच, पण कुठला देव हे कोणी विचारत नाही. फ्रीमेसन यात येतात. अमेरिकेत १८१९ साली सुरू झालेले ऑड फेलोजही यातलेच, पण ठाण्यात ते भेटायचे नाहीत. दुसऱ्या प्रकारात एकच विशिष्ट धर्म लागतो. नाइट्स ऑफ कोलंबस ही १८८२ ची अमेरिकी संस्था फक्त कॅथलिक पुरुषांना घेते. इंटरनेटवर तिच्याबद्दल वाचून ‘मला जॉइन व्हायचंय’ म्हणणारा एक हिंदू मुलगा मला भेटला आहे, म्हणून सांगितलं. तिसऱ्या प्रकारात अट नसते, पण सभेत देवाचं नाव तोंडाने घ्यावं लागतं. हा प्रकार सगळ्यात फसवा, त्याबद्दल पुढे. आणि चौथ्यात श्रद्धेचा प्रश्नच येत नाही.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं समजू नका. अट घालून आत घेणाऱ्या मंडळ्या आपल्याकडेही होत्या. मुंबईत १८४९ साली परमहंस मंडळी निघाली, तीही गुप्तच. आत येणाऱ्याला ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खावा लागे, म्हणजे जात सोडली याची खात्री पटे. पुढे सभासदांची यादी फुटली, नावं बाहेर येतील या धास्तीने मंडळी विस्कटली, आणि त्यातल्याच काहींनी १८६७ साली उघडपणे प्रार्थना समाज काढला. वारकऱ्याची तुळशीची माळ तरी काय आहे? माळ घातली की मांसाहार सुटतो, एकादशी आणि वारी धरावी लागते. कोणी फॉर्म भरून घेत नाही, पण अट ती अटच.

मेसनांचा प्रश्न नेमका काय असतो

इथे जरा थांबतो, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत.

लंडनमध्ये १७१७ साली पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजेसची शिखर संस्था, स्थापन झाली. १७२३ साली जेम्स अँडरसन नावाच्या पाद्र्याने तिची नियमावली छापली. त्यात म्हटलंय की सगळ्या माणसांना मान्य होईल तेवढाच धर्म सभासदाने मानावा, त्यापलीकडची मतं त्याने स्वतःपाशी ठेवावीत. त्याच नियमावलीत नास्तिकाला ‘मूर्ख’ हे विशेषण लावलेलं आहे. भाच्याला हे सांगितल्यावर तो भडकला. मी म्हटलं, अरे, तीनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याने लिहिलंय, तुझं नाव घेऊन नाही.

आजची अट एका वाक्यात मावते: एका परमशक्तीवर विश्वास हवा. मेसन तिला ‘विश्वाचा थोर रचनाकार’ म्हणतात. हा त्यांचा वेगळा देव नाही. प्रत्येकाने त्या नावामागे आपापला देव ठेवायचा, इतकंच. मूर्ती, पंथ, किती वेळा देवळात जाता, हे कोणी विचारत नाही. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर चर्चेलाच बंदी आहे, त्यामुळे आत गेल्यावर शेजारी बसलेल्याचा देव कोणता हे तुम्हाला कळेलच असं नाही.

मग अट तरी कशाला? कारण शपथ. सभासद होताना धर्मग्रंथावर हात ठेवून वचन द्यायचं असतं. ज्याच्या साक्षीने वचन द्यायचं, तोच नाही असं मानणाऱ्याच्या वचनाला काय किंमत, असा त्यांचा हिशेब आहे. तुम्हाला तो पटो न पटो, हिशेब सरळ आहे. कोर्टातसुद्धा ‘ईश्वरसाक्ष’ म्हणतातच, पण कोर्टाने नास्तिकाला ‘सत्यप्रतिज्ञेवर’ सांगण्याची सोय ठेवली आहे. मेसनांनी ती ठेवलेली नाही.

फ्रान्समध्ये ठेवली. तिथल्या ग्रँड ओरिएंट या मेसनांच्या शिखर संस्थेने १८७७ साली देवावरच्या विश्वासाची अट नियमांतून काढून टाकली आणि इंग्लंडच्या ग्रँड लॉजने त्यांच्याशी संबंध तोडले. ती फूट आजही मिटलेली नाही. ‘नास्तिकही मेसन होऊ शकतो’ असं कुठे वाचलंत, तर ते बहुधा या फ्रेंच शाखेबद्दल असतं. आपल्याकडच्या बहुतेक लॉजेस २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या. त्या इंग्लंडच्या बाजूच्या. तेव्हा फ्रान्सचा दाखला इथे देऊन उपयोग नाही.

‘तेहतीस कोटी’वाल्यांचं काय?

हा प्रश्न इंग्रजांनाही पडला होता, आणि चांगला नडला होता. मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना लॉजने दाद दिली नाही, तेव्हा ते पॅरिसला जाऊन मेसन होऊन आले. मग १८४३-४४ च्या सुमारास डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने स्कॉटिश परवान्याखाली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत उघडली, ती एतद्देशीयांसाठी.

हिंदूंच्या वाटेत मात्र वेगळा धोंडा होता. यांना पुष्कळ देव, मग यांचा ‘एक परमेश्वर’ कुठला? इंग्लंडचे ग्रँड मास्टर, म्हणजे ग्रँड लॉजचे प्रमुख, असलेले ससेक्सचे ड्यूक म्हणाले होते की हिंदूंचे अनेक देव ही एकाच परमतत्त्वाच्या गुणांची रूपं आहेत. आपल्या कुठल्याही कीर्तनकाराने हे त्यांना पाच मिनिटांत सांगितलं असतं. तरीसुद्धा कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना कित्येक वर्षं भांडावं लागलं, आणि १८७२ साली त्यांना प्रवेश मिळाला. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण मेसन झाला. पुढे जग त्याला विवेकानंद म्हणून ओळखू लागलं.

आज भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब, अवेस्ता असे ग्रंथ एकाच वेळी मांडलेले असतात. तुम्ही शपथ तुमच्या ग्रंथावर घ्यायची. कुठल्या, ते आधीच सांगून ठेवा. ऐनवेळी शोधाशोध नको.

आता स्वतःचं उत्तर तपासा

माझ्या मते खरी पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच उडी मारून जातात.

देवळात जाणारे, घरी पूजा करणारे हिंदू, शीख, पारशी यांना अडचण नाही. अद्वैत मानणारा, ‘मूर्ती नाही मानत पण काहीतरी आहे’ म्हणणारा, यांचंही सहज जमतं. महात्मा फुल्यांनी देव-देवळांवर एवढा आसूड ओढला, पण ‘निर्मिक’, म्हणजे सगळं निर्माण करणारा, मानला. तसं मानणारा माणूस या प्रश्नाला मान ताठ ठेवून ‘हो’ म्हणू शकतो.

जैन मंडळींनी जरा विचार करावा, कारण जैन दर्शनात विश्व घडवणारा कर्ता ईश्वर नाही. ‘परमतत्त्व’ या शब्दात तुमचं बसतं का, हे तुम्हीच ठरवायचं.

बौद्धांसाठी प्रश्न अधिक धारदार आहे, आणि ठाण्यात, ऐरोलीत, घणसोलीत असे वाचक पुष्कळ असणार. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा-विष्णू-महेश यांना देव न मानण्यापासून होते. बुद्धाच्या धम्मात सृष्टिकर्ता नाही. श्रीलंकेसारख्या देशात बौद्ध मेसन झालेले आहेत, तेव्हा दार बंद आहे असं नाही. पण ‘परमशक्ती’ हा शब्द आपल्या प्रतिज्ञेच्या आड येतो का, हे अर्ज करण्याआधी ठरवा. भेटीला आलेल्यांना स्पष्ट सांगा, “मी बौद्ध आहे, मी असं असं मानतो, हे तुम्हाला चालतं का?” त्यांनाही बरं वाटेल.

कॅथलिकांना अडचण लॉजकडून नाही, चर्चकडून आहे. पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३८ साली बंदी घातली, १९८३ साली व्हॅटिकनने ती कायम असल्याचं सांगितलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा. मेसन झालेल्या कॅथलिकाला कम्युनियन, म्हणजे मिसातला पवित्र प्रसाद, घेता येत नाही. म्हणजे लॉज तुम्हाला हसत घेईल, आणि रविवारी मिसाला तुम्ही अडकाल. आधी आपल्या फादरशी बोला. मुस्लिमांमध्येही अनेक उलेमांचं मत विरोधी आहे. आपल्या विश्वासातल्या जाणत्याला विचारा.

आणि सरळ नास्तिक असाल तर? तर जाऊ नका. ‘एवढंच तर म्हणायचंय, म्हणून टाकू’ हा सल्ला मला दोघांनी दिला होता, त्यातला एक वकील. पण पहिल्याच दिवशी खोटं बोलून ज्यांना ‘बंधू’ म्हणायचं, त्यांच्यात दर महिन्याला काय तोंडाने बसणार?

‘माहीत नाही’वाले, म्हणजे माझ्यासारखे, मधल्या मधे लोंबकळतात. आमच्यासाठी माझ्याकडे तोडगा नाही.

अर्ज ते लॉज, थोडक्यात

पुरुष असावं, वय साधारण एकवीस पूर्ण. ओळखीचा मेसन शोधा. ते स्वतःहून तुम्हाला ओढत नाहीत, विचारावं तुम्हीच लागतं. तो प्रपोज करतो, दुसरा सेकंड करतो, फॉर्म भरला जातो, घरी किंवा बाहेर भेट होते. मग लॉजमध्ये गुप्त मतदान. पांढरे आणि काळे गोळे पेटीत टाकतात. काळे पडले तर नकार, आणि कारण कोणी सांगत नाही. पास झालात की दीक्षा. एकूण तीन पायऱ्या, त्यातली ही पहिली.

ग्रँड लॉजच्या पश्चिम विभागाचं ठिकाण म्हणजे मुंबईतलं फ्रीमेसन्स हॉल, फोर्टात, सीएसएमटीपासून चालत जाण्यासारखं. जुन्या काळी नोकरचाकर अशा इमारतींना ‘जादूघर’ म्हणत, कारण साहेब लोक दार लावून आत काय करतात ते कळत नसे. आमच्या इमारतीत एक निवृत्त रेल्वे अधिकारी होते. मे महिन्यात, ठाणे स्टेशनात घामाने निथळणाऱ्या गर्दीत, ते काळा सूट हँगरसकट पिशवीत घालून उलट्या दिशेच्या लोकलची वाट बघायचे. हातात एक चपटी काळी पेटी. त्यात लॉजमध्ये बांधायचा ऍप्रन आणि पांढरे हातमोजे, हे मला फार नंतर कळलं. सूट घालून का जात नाही विचारलं, तर म्हणाले, “भायखळ्यापर्यंत इस्त्री टिकते का?” सभा संध्याकाळी, त्यानंतर जेवण. तेव्हा पनवेल-नेरुळवाल्यांनी परतीच्या हार्बरची वेळ बघूनच हो म्हणा.

घरी सांगितल्याशिवाय अर्ज करू नका. बायकोला विचारतात, आणि ‘गुप्त काहीतरी आहे’ एवढंच तिला बाहेरून कळलं तर पुढचं तुम्हीच निस्तरा. स्त्रियांना या लॉजेसमध्ये प्रवेश नाही. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी को-मेसनरीची वेगळी परंपरा १८९३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली आणि ॲनी बेझंट यांनी ती भारतात आणली.

अट नाही, पण म्हणावं लागतं

रोटरी (१९०५) आणि लायन्स (१९१७), दोन्ही शिकागोच्या, दोन्ही धर्मनिरपेक्ष. लायन्सच्या उद्दिष्टांतच आहे की पक्षीय राजकारण आणि सांप्रदायिक धर्म यांवर सभेत वाद नको. फॉर्मवर श्रद्धेचा रकाना नसतो. स्त्रियांनाही १९८७-८९ पासून दोन्हीकडे दार खुलं आहे. ठाणे, वाशी, बेलापूर, खारघर सगळीकडे क्लब आहेत. कोणाच्यातरी ओळखीने पाहुणा म्हणून एक-दोन सभांना बसा, तेवढं पुरे.

मात्र बसाल तेव्हा पहिली दहा मिनिटं नीट बघा. बऱ्याच क्लबांत सुरुवात दीपप्रज्वलनाने आणि प्रार्थनेने होते. कुठली प्रार्थना, हे त्या त्या क्लबावर. मी ज्या क्लबात होतो, तिथे एक प्राध्यापक प्रार्थनेला उभे राहायचे पण तोंड मिटून. तीन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्या वर्षी नव्या अध्यक्षांनी भर सभेत विचारलं, “सर, आवाज येत नाहीये!” सगळे हसले. प्राध्यापक पुढच्या सभेपासून दहा मिनिटं उशिरा येऊ लागले, आणि वर्षअखेरीस आलेच नाहीत. नियमात काहीच नव्हतं, तरी माणूस गेला.

जेसीजचं आणखी वेगळं. अठरा ते चाळीस वयाच्या तरुणांची ही संघटना, सभासद व्हायला श्रद्धेची अट नाही. पण सभेत म्हणायच्या त्यांच्या ध्येयवचनाची पहिलीच ओळ म्हणते की देवावरच्या श्रद्धेने मानवी जीवनाला अर्थ आणि हेतू मिळतो. तीही ‘आम्ही मानतो’ या सुरुवातीसकट. कोणाला हे खटकत नाही, कोणाला खूप खटकतं. सभासद होण्याआधी ते वचन मागून घेऊन घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा. जीभ अडखळली तर तेव्हाच कळेल.

मुलांना स्काउटमध्ये घालणाऱ्या पालकांसाठी जाता जाता: भारत स्काउट्स अँड गाइड्सच्या वचनात ईश्वराप्रती कर्तव्य आहे, पण ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणायची मुभा दिलेली आहे. शाळेतल्या बाईंना हे माहीत असतंच असं नाही.

जिथे विचारतच नाहीत

थिऑसॉफिकल सोसायटीत वंश, धर्म, लिंग, जात, वर्ण काहीही न बघता विश्वबंधुत्व मान्य केलं की झालं. १८७५ साली न्यूयॉर्कला निघालेली ही संस्था १८७९ मध्ये मुंबईत आली आणि मद्रासच्या अड्यारला जाण्याआधी जवळजवळ चार वर्षं तिचा मुक्काम मुंबईतच होता. ‘सत्यान्नास्ति परो धर्मः’ हे तिचं ब्रीद. वाचन-चर्चा जास्त, जेवणावळी कमी.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीबद्दल उलटा गैरसमज आहे, की तिथे नास्तिकच लागतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये समिती सुरू केली तेव्हापासून भूमिका अशी की देव-धर्म मानण्याला विरोध नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध आहे. माळकरी कार्यकर्तेही तिथे असतात.

आणि नुसती संगत हवी असेल तर ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे. तिथे वर्गणी लागते, श्रद्धा नाही.

पैसे आणि फसवणूक

कुठेही जा, संस्थेची नियमावली आणि नोंदणी क्रमांक मागा. प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, जेवणाचे पैसे वेगळे का, हे लेखी विचारा. लाजू नका. लाजणाऱ्यालाच पुढे ‘एवढं तर द्यावंच लागतं’ ऐकावं लागतं.

व्हॉट्सॲपवर ‘इल्युमिनाटीत या, श्रीमंत व्हा’ असे मेसेज फिरतात. खाली डोळ्याचं चित्र आणि यूपीआयचा क्यूआर कोड. भाच्याच्या ऑफिसातल्या एकाने ‘नोंदणी फी’ भरली, मग ‘अंगठीचे पैसे’ भरले, मग नंबर बंद. खरी लॉज अनोळखी माणसाकडून ऑनलाइन फी घेऊन सभासद करत नाही. तिथे आधी माणूस बघतात, घरी येतात, मत टाकतात. कोणी भेटण्याआधीच पैसे मागितले, तर लगेच १९३० वर सायबर तक्रार नोंदवा.

‘नाही’ म्हणायचं असेल तर

ज्याने तुमचं नाव सुचवायचं कबूल केलंय त्याला फोन करा, मेसेज नको. ‘तब्येत’, ‘कामाचा व्याप’ असली कारणं देऊ नका, कारण व्याप संपला की तो पुन्हा विचारणार. सरळ सांगा, “तुमच्या त्या एका प्रश्नाला मला हो म्हणता येत नाही.” मी आमच्या रेल्वेवाल्या काकांना असंच सांगितलं, तलावपाळीच्या कठड्यावर बसून. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पुष्कळ जण हो म्हणतात. विचार करून म्हणणारे थोडे.” आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन कणसं घेऊन आले. पुढे ते वारले तोपर्यंत त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही.

भाच्याकडे येत्या रविवारी तिघं जण येणार आहेत. बायकोने त्याला काल फोन करून एवढंच विचारलं, पोहे करणार की उपमा.